बिनवासाचं घर

आई नॉटिंगहॅमला आली त्या दिवशी विमानतळापासून घरापर्यंतच्या प्रवासात मी तिला घरातले नियम सांगितले नाहीत. उतरल्या उतरल्या सांगितले असते तर ती तशीच मागे फिरून परतीच्या विमानात बसली असती, अशी मला धास्ती होती. घरी आल्यावर तिने बॅग उघडली आणि माझा नाइलाज झाला. उदबत्तीचे पुडे, कापराची डबी, खोबरेल, हिंग, तिच्या हातचा गोडा मसाला. कस्टमवाल्यांनी जे सोडलं ते सगळं मी धरलं आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिला घट्ट गाठ मारली.

"काय करून राहिली तू?" आईने विचारलं.

"आई, या घरात वास चालत नाही."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

माझं कामच तसं आहे. झाडं हवेत जे सोडतात ते मी मोजते. लिंबाचं पान चुरगळलं की वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण न चुरगळताही झाड दिवसभर काही ना काही हवेत सोडत असतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या नाकाला कळतही नाही. आमची झाडं युरोपच्या पार उत्तर टोकाची, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवायचा कंटाळा करतो तिथली. गुडघ्याएवढे भूर्ज, जमिनीला चिकटून सरपटणारे विलो, शेवाळ, रानबेरीची झुडपं. ती कुंड्यांतून इथे आणली आणि विद्यापीठाच्या तळघरात दोन खोल्यांत ठेवली. खोल्या म्हणजे आपल्या न्हाणीघराएवढ्या, भिंती पत्र्याच्या. तिकडच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून दिवे विझवायचे नाहीत. एका खोलीत त्यांच्या गावाइतकीच थंडी. दुसरीत थोडी ऊब जास्त, त्यांचं गाव पुढे जितकं तापणार आहे असा अंदाज आहे तितकी.

मी त्या खोलीत शिरायचं, फांदीला पारदर्शक पिशवी घालायची, तोंड बांधायचं आणि आतली हवा बारक्या पंपाने एका पोलादी नळीतून ओढून घ्यायची. नळीत भुकटी असते, ती वाफा धरून ठेवते. मग नळी यंत्रात तापवली की संगणकाच्या पडद्यावर एकेक सुळका उभा राहतो. एक सुळका म्हणजे एक पदार्थ. दिवसभर दार लावून, त्या पांढऱ्या उजेडात, झाडांच्या पुढ्यात उकिडवं बसायचं. बाहेर दिवस आहे की रात्र हेसुद्धा कळत नाही.

"दुसऱ्या खोलीत किती जास्त गरम करता?" आईने विचारलं.

"दोन-तीन डिग्री."

नागपूरची बाई ती. पोट धरून हसली. "हॅट्! दोन-तीन डिग्रीनं काय होते? आपल्याकडे सकाळचा चहा पिऊन होईस्तोवर तेवढं वाढते."

मला ते हसणं लागलं, कारण माझ्या सगळ्या कामाचं मर्म त्यातच होतं. ज्या झाडाचा जन्म उकाड्यात गेला त्याला दोन डिग्रीचं काहीच वाटत नाही. थंडीत वाढलेल्या या झुडपांना मात्र थोडी ऊब मिळाली की ती अंदाजापेक्षा कितीतरी जास्त ओतत सुटतात. हवेतून कार्बन मिळवायचा, त्याची साखर करायची, साखरेतून हे पदार्थ घडवायचे आणि पुन्हा हवेत घालवून बसायचं. काही वाफा म्हणे पानाला उन्हापासून सांभाळतात. काही नुसत्याच उडून जातात, कारण तापलेली वस्तू उडतेच. हवेत गेल्यावर त्या गप्प बसत नाहीत. त्यांचे बारीक कण होतात, कणांना धरून ढग होतात, त्यांच्यापायी दुसरे वायू हवेत जास्त काळ रेंगाळतात. म्हणून जगाला हिशेब हवा आहे की उत्तर तापली तर तिथली झाडं किती सोडतील. मी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बिचारी! उठून सावलीत तरी कशी जातील?"

आता अशी यंत्रं फार चोंबडी असतात. संत्र सोललं तर सालीचं तेल बोटांवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं आणि पडद्यावर ते झाड म्हणून उभं राहतं. नागपूरची मुलगी असून मी कित्येक वर्षांत संत्र सोललेलं नाही, याहून मोठा त्याग माझ्या नावावर नाही. अत्तर नाही, सुवासिक साबण नाही, केसांना तेल नाही. घर सहाव्या मजल्यावर. खिडक्या चार बोटं उघडतात आणि अडतात, कुणी पडू नये म्हणून. एकदा मोहरी तडतडली की तो वास गालिचात, पडद्यांत आणि माझ्या कोटात मुक्काम ठोकतो. म्हणून फोडणी बंद. एकटी होते तोवर उकडलेलं खाऊन निभावत होते.

मग बाबा गेले. आई नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. तिचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं, अर्ध्या विदर्भाशी बोलून झालेलं. अशी बाई भिंतींशी बोलायला लागली आहे असं मावशी फोनवर सांगायची. मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. माझा व्हिसा वाढवायचा अर्ज गेला होता, उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज आपोआप रद्द. अर्ज रद्द म्हणजे नोकरी गेली, घर गेलं. म्हणून मी तिलाच बोलावलं. पाहुणी म्हणून सहा महिने राहता येतं. तोवर माझं काहीतरी ठरेल, मग पुढचं बघू, असा माझा बेत. खरं सांगायचं तर बेतबीत काही नव्हता. मला आई हवी होती. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे म्हणायची लाज वाटायला हवी, पण मला वाटत नाही. संध्याकाळी कुलूप उघडायच्या आत आतून कुणीतरी दार उघडावं, एवढ्यासाठी मी तिला इतक्या लांब आणलं.

आणि ती दार उघडायची. पहिले काही आठवडे मी लिफ्टमधूनच हसत यायचे. आई बिनफोडणीचं वरण करायची, बिनफोडणीचे पोहे करायची. "तुरुंगातसुद्धा जिरं घालत असतील," म्हणायची, पण खायची. देवापुढे तिला बटणाचा दिवा आणून दिला. ती बटण दाबायची, हात जोडायची आणि देवाला म्हणायची, "समजून घे रे बापा, पोरीची नोकरी आहे." दुपारी खिडकीच्या चार बोटांच्या फटीला नाक लावून उभी राहायची. बाहेरून ओल्या डांबराचा वास यायचा. तेवढा चालत होता.

गारठा वाढला आणि मला सर्दीने धरलं. नाक पार चोंदलं. आई म्हणाली, जाऊ नको. मी गेले. थंड खोलीतल्या झाडांची पाळी होती आणि पाळी चुकवता येत नाही. कोटाखाली मी एक जुनं करडं लोकरीचं जॅकेट घालायचे. त्याचं बटण सैल झालं होतं. एका संध्याकाळी आईने ते मागून घेतलं, नीट शिवून दिलं आणि घडी करून दारापाशी ठेवलं. मला फार बरं वाटलं. माझं बटण कुणीतरी शिवावं, अशी वेळ कितीतरी वर्षांनी आली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात पडद्यावर एक नवा सुळका उभा राहिला. मी नाव तपासलं. कापूर. पुन्हा तपासलं. कापूरच. थंड खोलीत बुटका, उबदार खोलीत चांगला उंच. आम्ही जे शोधत होतो अगदी तसंच: ऊब वाढली की झाड जास्त सोडतं. काही झाडं कापूर करतात हे माहीत होतं, पण आमची करतात असं कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या प्रमुख बाई स्कॉटलंडच्या. कौतुक करायचं झालं तर "वाईट नाही" याच्या पुढे जात नाहीत. त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि तो सुळका पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. मी हवेत. त्या सुळक्याच्या बाजूला लवंगेच्या तेलाचा एक बारका उंचवटा होता. तो मला दिसला होता. आनंदात माणूस आंधळं होतं, मी झाले.

घरी येऊन आईला सांगितलं, "आई, तिकडची झाडं कापूर सोडतायत!"

तिचे डोळे चमकले. "म्हणजे तिथंही देव आहे म्हण की."

तिच्या मनात दुसरं काही आलंही नसावं. यंत्राचं नाक किती लांब असतं हे तिला कुठून माहीत?

नळ्यांच्या प्रत्येक खेपेच्या शेवटी रिकामी पिशवी लावायची असते. आत झाड नाही, पान नाही, नुसती हवा. ती कोरी आली की आधीचं सगळं खरं. त्या दिवशी उबदार खोलीत मी रिकामी पिशवी लावली, नळी तापवली, आणि पडद्यावर कापूर उभा. रिकाम्या पिशवीत! मी पुन्हा खोलीत गेले, दार लावलं आणि उभी राहिले. सर्दी उतरत आली होती, नाक जरासं मोकळं झालं होतं. मला आरतीचा वास आला. तळघरात, पत्र्याच्या भिंतींत, साक्षात आरतीचा. तो माझाच येत होता.

जॅकेट काढून उलटं केलं. आतल्या शिवणीत चिंचोक्याएवढी पुरचुंडी बारीक टाक्यांनी शिवलेली. कापूर, लवंग, ओवा. करोनाच्या दिवसांत नागपुरात आमच्या अख्ख्या गल्लीने गळ्यात बांधली होती तसलीच. पोरीला श्वास घेता येत नाही म्हटल्यावर आईने दुसरं काय करायचं? बॅगेतलं मी धरलं, पण पर्समधल्या कापराच्या चार वड्या आणि लवंग-ओवा माझ्या हाती लागले नव्हते. आणि कापूरही मेला झाडासारखाच वागतो. थंडीत कमी उडतो, उबेत जास्त. म्हणून मी फसले.

प्रमुख बाईंना मी पुरचुंडी दाखवली. मला वाटलं आता संपलं. त्यांनी ती हातात घेतली, हुंगली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांची आई सर्दीला छातीवर मेंथॉलचं मलम चोळायची आणि बनियनला आतून उबदार फ्लॅनेलचा तुकडा शिवायची, असं म्हणाल्या. मग हसू पुसून त्यांनी सांगितलं की सगळी खेप फेकून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नवं वर्ष उजाडून जाणार हे उघड होतं.

मी घरी आरडाओरडा केला नाही. नीट समजावून सांगितलं, आणि तेच बहुधा जास्त वाईट झालं. ओरडले असते तर ती उलट ओरडली असती आणि मोकळी झाली असती. ती एवढंच म्हणाली, "तुला श्वास नव्हता ना येऊन राहिला." उरलेला कापूर तिने स्वतः खाली नेऊन कचऱ्यात टाकला.

त्या दिवसापासून आई माझ्यापेक्षा कडक झाली. माझे-तिचे सगळे कपडे बिनवासाच्या साबणात पुन्हा धुतले. जन्मभर चोपून तेल लावलेले केस कोरडे ठेवायला लागली, ते भुरभुर उडायचे. वरणात हळदही घालीना. मग स्वयंपाकच थांबला. दूध, ब्रेड, उकडलेला बटाटा. मी केळी आणली तर म्हणाली, "केळ्याला वास असते, बाई." मला सुरुवातीला सोयीचं वाटलं, हे मी लपवणार नाही. नळ्या कोऱ्या येत होत्या, मोजमाप मार्गी लागलं होतं. ऊब मिळालेली झुडपं खरोखरच भरभरून सोडत होती, आता कापराशिवाय. मी कामात बुडाले. आई बारीक होत गेली, मावशीला फोनवर "मजेत आहे" सांगत राहिली आणि फोन लवकर ठेवायला लागली. टेलिफोन एक्स्चेंजची बाई फोन लवकर ठेवते, यावरूनच मला कळायला हवं होतं.

डिसेंबरात एका शनिवारी, आईने निदान वरण तरी पुन्हा करावं म्हणून, मी तुरीची डाळ आणायला देशी दुकानात गेले. दुकान एका गुजराती बाईंचं. मला पाहून त्यांनी हिंदीत विचारलं, "त्या नागपूरच्या मावशींची मुलगी का तुम्ही?"

"आई इथे येते?"

"रोज येतात. बसने."

मला ठाऊकच नव्हतं. आईला बसचा नंबर माहीत आहे हेही ठाऊक नव्हतं. दुकानदार बाई सांगत गेल्या. मावशी येतात, कढीपत्त्याची जुडी उचलतात, एक पान चुरगळतात, डोळे मिटून हुंगतात. मसाल्यांच्या फळीपाशी उभ्या राहतात. आल्याचा तुकडा नखाने टोकरतात आणि त्याची माफी मागतात. घेत काहीच नाहीत. बाईंनी एकदा जुडी तशीच देऊ केली, तर दोन्ही हात मागे घेतले.

"जाताना माझ्याकडे साबण मागतात. मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतात. मग बाहेर बसस्टॉपवर वाऱ्यात उभ्या राहतात. बस येते, त्या सोडून देतात. आणखी एक येते, तीही सोडतात. मी म्हटलं, मावशी, थंडी आहे, आत थांबा. तर म्हणाल्या, कोटाचा वास जाऊ दे, मुलीच्या कामात खोट यायला नको."

तांदळाच्या पोत्यांपाशी उभी राहून मी रडले. लोक वळसा घालून जात होते.

घरी गेले तेव्हा आईने दार उघडलं. तिचे हात बर्फासारखे गार होते, म्हणजे आजही ती उभी राहून आली होती. मी डाळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता, सगळं ओट्यावर ओतलं. "आई, फोडणी कर. आत्ता कर. माझे कपडे मी लॅबच्या कपाटात ठेवेन, तिथेच बदलेन. मला आधीच सुचायला हवं होतं."

तिने कढीपत्त्याकडे पाहिलं आणि पिशवीचं तोंड मिटलं. "नको. केसांत राहते तो वास. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल तुला."

"लागू दे."

"नाही म्हटलं ना."

ती सोफ्यावर बसली, मी खाली तिच्या पायांशी. बाहेर चार वाजताच काळोख पडला होता. मग तिने विचारलं, "तुझं मोजून झालं की त्या झाडांचं काय करता? परत पाठवता त्यांच्या गावी?"

मी विचार न करता उत्तर दिलं. विद्यापीठ बघायला कुणी पाहुणे आले की देते तसं. "परत नाही पाठवता येत. आणि इथेही बाहेर लावता येत नाहीत. परदेशी माती, किडे, रोग. त्याच अटीवर परवानगी मिळते. खोलीबाहेर जिवंत न्यायची नाहीत."

"मग?"

"वाफेच्या भट्टीत घालतात. मारून टाकतात."

"इतके महिने गरमीत ठेवून?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

आईचा हात माझ्या डोक्यावर होता, तो थांबला. तिचा आवाज अगदी साधा होता, वाण्याकडे अर्धा किलो साखर मागावी इतका. "मग मला त्याच्या आधी घरी पाठव," ती म्हणाली.

मी खूप बोलले. वेम्बलीला जाऊन राहू चार दिवस म्हटलं, तिथे अख्खा रस्ता आपल्या दुकानांचा आहे. मोठं घर बघू म्हटलं, उघडणाऱ्या खिडक्यांचं. ती सगळ्याला नकाराची मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझी चूक नाही, बाई. तुला बाहेर पडता येत नाही, मला येते. एवढंच." ते खरं होतं. व्हिसाचं उत्तर अजूनही आलेलं नव्हतं.

जानेवारीत मी तिला विमानतळावर सोडायला गेले. तपासणीच्या काचेपर्यंतच जाता येतं. आत लांबवर चालावं लागू नये म्हणून आईसाठी चाकाची खुर्ची सांगितली होती, ती ढकलणारा माणूस घाई करत होता. आईने त्याला हाताने थांबवलं, मला खाली वाकायला लावलं आणि लहानपणी न्हाऊ घातल्यावर घ्यायची तसा माझ्या टाळूचा वास घेतला. एकदा घेतला. मग नाक केसांत रुतवून पुन्हा घेतला.

"काहीच नाही येऊन राहिलं," ती म्हणाली.

मग त्या माणसाने खुर्ची पुढे ढकलली.